पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई मेधावी (जन्म : २३ एप्रिल १८५८, मृत्यू : ५ एप्रिल १९२२) या संस्कृत पंडिता, समाजसुधारक, लेखिका, बायबलच्या मराठी भाषांतरकार आणि केडगाव येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक होत्या. विधवा, परित्यक्ता, दुष्काळग्रस्त व अंध स्त्रियांसाठी त्यांनी उभारलेले काम एकोणिसाव्या शतकातील भारतीय स्त्रियांच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केल्यानंतरचे त्यांचे आयुष्य भक्ती, प्रार्थना व सेवा यांत गेले, म्हणून जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत समर्पित जीवनाचे उदाहरण म्हणून त्यांचा उल्लेख होतो. ईश्वरापुढे पूर्ण शरणागती पत्करलेल्या रमाबाईंनी मानवी सत्तेपुढे, मग ती शास्त्री-पंडितांची असो, सरकारची असो वा बिशपांची, विवेकाविरुद्ध मान तुकवली नाही. हे वैशिष्ट्य त्यांच्या चरित्रात आरंभापासून अखेरपर्यंत दिसते.

बालपण आणि तीर्थयात्रा

रमाबाईंचा जन्म सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यातील आश्रमात एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. हे ठिकाण आजच्या कर्नाटकात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकवणे त्या काळी निषिद्ध मानले जाई, तरीही अनंतशास्त्र्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले व त्याबद्दल धर्मपंडितांचा रोष ओढवून घेतला. रमाबाईंचे शिक्षण मुख्यतः आईकडून झाले. लहान वयातच त्यांनी भागवत पुराणाचे सुमारे १८,००० श्लोक मुखोद्गत केले.

आश्रमात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे व अतिथींचे पोषण करता करता कुटुंब कर्जबाजारी झाले. पुढे ते तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत फिरू लागले. पुराणिकास मिळणारी दक्षिणा हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन होते आणि त्यातील मोठा भाग व्रते व दानधर्मातच खर्च होई. १८७० च्या दशकात दक्षिण भारतात दुष्काळ पडला तेव्हा भीक मागणे अथवा हलके मानलेले काम करणे कुटुंबाला कमीपणाचे वाटले. उपासमारीत आधी वडील, मग आई व थोरली बहीण यांचा अल्पावधीत मृत्यू झाला. आईचे प्रेत स्मशानात नेण्यासाठी पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत, म्हणून चौथ्या बाजूने रमाबाईंनी स्वतः ते उचलले. भुकेचा हा अनुभव त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. पुढे दुष्काळाच्या प्रदेशांत त्यांनी केलेल्या कार्याचे मूळ याच अनुभवात आहे.

कोलकाता, विवाह आणि वैधव्य

आई-वडिलांच्या मृत्यूनंतर रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास उत्तर भारतात पायी भ्रमण करीत १८७८ साली कोलकात्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांची प्रत देऊन त्यांचा अभ्यास करण्यास सुचवले. स्त्रियांपुढे धर्मशास्त्रावर व्याख्याने देण्याच्या निमित्ताने रमाबाईंनी स्मृतिग्रंथ बारकाईने वाचले. स्त्रियांना व शूद्रांना मोक्षाचा स्वतंत्र मार्ग या ग्रंथांत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि परंपरागत धर्मावरील त्यांची श्रद्धा ढासळू लागली.

१८८० साली बंधू श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी ब्राह्मणेतर जातीचे असल्याने हा आंतरजातीय व आंतरप्रांतीय विवाह दोन्ही बाजूंच्या समाजास अमान्य झाला. हे दांपत्य आसाममधील सिल्चर येथे राहू लागले. पतीच्या ग्रंथसंग्रहात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. येशूच्या चरित्राशी त्यांचा हा पहिला गंभीर परिचय होता. १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला. पुढील वर्षीच्या फेब्रुवारीत मेधावींचे कॉलऱ्याने निधन झाले आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाईंना वैधव्य आले.

पुण्यातील कार्य

१८८२ साली रमाबाई पुण्यास आल्या. महादेव गोविंद रानडे व अन्य सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली व ‘स्त्रीधर्मनीति’ हा मराठी ग्रंथ लिहिला. सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका, शाळांच्या स्त्री निरीक्षक व स्त्री डॉक्टर तयार करण्याची गरज त्यांनी मांडली. या काळात त्यांचा इंग्रजीचा अभ्यास सुरू झाला, तसेच नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे या ख्रिस्ती झालेल्या महाराष्ट्रीय पंडितांच्या विचारांचा परिचय झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी जाण्याचे त्यांनी ठरवले आणि प्रवासखर्चाचा काही भाग आपल्या ग्रंथाच्या उत्पन्नातून उभा केला.

इंग्लंड आणि बाप्तिस्मा

१८८३ साली रमाबाई मनोरमेसह इंग्लंडला गेल्या व वॉन्टेज येथे सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने राहिल्या. धर्मांतर करण्याचा त्यांचा आरंभी विचार नव्हता. भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले आश्रयस्थान त्यांनी पाहिले. पतित ठरवलेल्या स्त्रीला शिक्षा न करता तिला प्रेमाने पुन्हा उभे करता येते, ही गोष्ट त्यांना नवीन होती. त्यामागील प्रेरणा शोधताना योहानाच्या शुभवर्तमानातील येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा प्रसंग त्यांच्या मनावर बिंबला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत मात्र सोडावा लागला. पुढे चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात त्यांनी स्वतः अध्ययन केले व संस्कृत शिकवले.

या बातमीने महाराष्ट्रात खळबळ उडाली. वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली आणि अनेक सुधारकांनाही हा आपल्या चळवळीस बसलेला धक्का वाटला.

आज्ञापालनाचा प्रश्न

बाप्तिस्म्यानंतर थोड्याच काळात चर्चच्या अधिकाऱ्यांशी रमाबाईंचे मतभेद झाले. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता झालेल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यांच्याकडून नम्र आज्ञापालनाची अपेक्षा होती. रमाबाई मात्र प्रत्येक सिद्धान्त बायबलच्या आधारे तपासून पाहत. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी आणि चर्चच्या पंथमतांविषयी त्यांनी आपल्या शंका मोकळेपणाने लिहिल्या. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, हा प्रस्ताव मुंबई व लाहोर येथील बिशपांनी नापसंत केला, तेव्हा स्त्रीच्या कार्याची मर्यादा दूर बसलेल्या पुरुषांनी ठरवण्यास त्यांनी हरकत घेतली. आहारात त्या शाकाहारीच राहिल्या आणि त्यांनी भारतीय पोशाखही सोडला नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा आग्रह होता.

सिस्टर जेराल्डिन यांना या वृत्तीत अहंकार दिसला. रमाबाईंच्या दृष्टीने हा विवेकाचा प्रश्न होता. अनेक बंधने तोडून आलेल्या माणसाने नव्या बंधनांत अडकू नये आणि येशूला वाहिलेले जीवन चर्चच्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असू नये, अशी त्यांची धारणा होती. हा पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारतीय ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात तो महत्त्वाचे साधन मानला जातो.

अमेरिका आणि शारदा सदन

१८८६ च्या आरंभी नात्यातील आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत सुमारे तीन वर्षे राहिल्या. तेथे त्यांनी बालवाडी शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, व्याख्याने दिली आणि १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. उच्चवर्णीय विधवांसाठी भारतात धर्मनिरपेक्ष निवासी शाळा काढण्याच्या त्यांच्या योजनेस दहा वर्षे साहाय्य करण्यासाठी डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. परतल्यावर १८८९ साली त्यांचे अमेरिकेचे मराठी प्रवासवर्णनही प्रसिद्ध झाले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखली गेली. १८९३ साली तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. १८८९ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिलेल्या मोजक्या स्त्रियांमध्ये रमाबाई होत्या.

धर्मशिक्षण न देण्याची अट सदनात पाळली जात होती. मात्र रमाबाई पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. काही मुली स्वेच्छेने तेथे येऊन बसू लागल्या. यावरून ‘केसरी’ने सदनावर धर्मांतराचा आरोप ठेवला. १८९३ साली रानडे व रा. गो. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. टीकाकारांच्या मते हा दिलेल्या शब्दाचा भंग होता, कारण आश्रयास आलेल्या अल्पवयीन विधवेवर चालिकेच्या आचरणाचा प्रभाव पडणे अटळ होते. कोणत्याही मुलीला तिच्या धर्माचे आचरण करण्यास मनाई नाही, त्याचप्रमाणे स्वतःची प्रार्थना लपवण्यास आपण बांधलेल्या नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. पुण्यातील सुधारकांशी असलेला त्यांचा संबंध या वादानंतर जवळजवळ संपला.

आध्यात्मिक परिवर्तन

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या धार्मिक जीवनात एक उणीव असल्याचे रमाबाईंना जाणवले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याची तत्त्वे बुद्धीला पटली, परंतु स्वतः ख्रिस्ताची ओळख अजून झालेली नाही, असे त्यांना वाटू लागले. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. धर्मगुरू म्हणून काम करीत असतानाच हॅस्लम यांना परिवर्तनाचा अनुभव आला होता. त्यांची कथा रमाबाईंना आपल्याच अवस्थेचे वर्णन वाटली. तारण हे पुण्याने किंवा विद्वत्तेने मिळवायचे नसून कृपेने मिळणारे दान आहे, हा विचार त्यांनी या काळात मनोमन स्वीकारला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी या प्रवासाचे सविस्तर निवेदन केले आहे.

यानंतर लोणावळ्याजवळ भरणाऱ्या ख्रिस्ती मेळाव्यांत त्या जाऊ लागल्या. पवित्र आत्म्याच्या साहाय्यावाचून सेवाकार्य निष्फळ आहे, ही जाणीव तेथे दृढ झाली. जॉर्ज म्युलर, हडसन टेलर व जॉन पेटन यांची चरित्रे वाचून, केवळ प्रार्थनेच्या बळावर संस्था चालवता येईल, असा विश्वास त्यांच्या मनात निर्माण झाला. समर्पणाचा अर्थ त्यांच्या लेखी कर्मत्याग असा नव्हता. आपला वेळ, द्रव्य, विद्वत्ता, प्रतिष्ठा आणि एकुलती कन्या ही सर्व देवाची मालमत्ता समजून वापरणे, असा अर्थ त्यांनी आचरणातून दाखवला. १८९८ साली परदेश दौऱ्यात इंग्लंडमधील केसिक येथील पवित्रीकरणविषयक अधिवेशनासही त्या उपस्थित होत्या.

दुष्काळ, प्लेग आणि केडगाव

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या कुटुंबाची उपासमार आठवून रमाबाई त्या प्रदेशात गेल्या. निराधार मुलींना फसवून नेणारे लोक तेथे वावरत होते. पुरेसा पैसा व जागा नसतानाही त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया बरोबर आणल्या. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांना शहरात ठेवणे शक्य नव्हते, म्हणून पुण्याच्या पूर्वेस रेल्वेमार्गावर असलेल्या केडगाव येथे पूर्वीच घेतलेल्या शेतजमिनीवर तात्पुरत्या झोपड्या उभारण्यात आल्या. सरकारी प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालअपेष्टांविषयी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात उघड तक्रार केली. तिचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले. अधिकाऱ्यांनी आरोप नाकारले, परंतु रमाबाईंनी माघार घेतली नाही.

२४ सप्टेंबर १८९८ रोजी केडगावच्या वास्तूचे समर्पण होऊन तिला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपल्याने हे कार्य उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून सुरू झाले. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळग्रस्त मुलीही आल्या आणि रहिवाशांची संख्या दीड हजारावर गेली.

मुक्ती मिशनमध्ये शाळेबरोबरच शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, तेलघाणा, शिवणकाम व छपाई हे उद्योग चालत. वेगवेगळ्या जातींच्या मुली एकत्र राहत व काम करीत. लैंगिक शोषणास बळी पडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हा स्वतंत्र विभाग होता. फुलहॅम येथे पाहिलेल्या कार्याची छाप त्यावर स्पष्ट दिसते. अंध मुलींना ब्रेल लिपी व हस्तव्यवसाय शिकवले जात. रोजच्या कार्यक्रमाची सुरुवात पहाटेच्या प्रार्थनेने होई आणि रमाबाई स्वतः साध्या पांढऱ्या वस्त्रांत, इतरांप्रमाणेच साधे जीवन जगत.

दुष्काळातून आलेल्या मुलींपैकी बहुसंख्य पुढे ख्रिस्ती झाल्या. अन्न व आश्रय देणाऱ्या संस्थेत झालेले धर्मांतर कितपत स्वेच्छेचे मानावे, हा प्रश्न समकालीन टीकाकारांनी उपस्थित केला होता आणि आजच्या अभ्यासकांतही त्यावर चर्चा होते. मात्र या मुलींचा जीव वाचवण्यासाठी दुष्काळाच्या प्रदेशात स्वतः जाणाऱ्या मोजक्या भारतीय स्त्रियांत रमाबाई होत्या, याबद्दल दुमत नाही.

१९०५ चे आत्मिक संजीवन

१९०५ च्या आरंभी रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी मुलींना एकत्र येण्याचे आवाहन केले. सुरुवातीस सुमारे ७० जणी जमल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० वर गेली. जूनच्या अखेरीस प्रार्थनासभांत अश्रू, पापांची कबुली, मोठ्याने एकत्र प्रार्थना व आनंदाचे उद्रेक होऊ लागले. पश्चात्ताप झालेल्या मुलींनी चोरलेल्या वस्तू परत केल्या, भांडणे मिटवली आणि अनेकींनी जवळच्या खेड्यांत जाऊन शुभवर्तमान सांगण्यास स्वतःला वाहून घेतले. मुक्ती मिशनमधील अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी या अनुभवांवर १९०६ मध्ये पुस्तक लिहिले. जागतिक पेंटेकॉस्टल चळवळीच्या आरंभीच्या घटनांत केडगावचा समावेश केला जातो.

अनेक पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा प्रकार भावनातिरेक वाटला. भारतीय स्त्रियांनी आपल्या स्वभावानुसार व आपल्या पद्धतीने उपासना करण्यात काही गैर नाही, असे उत्तर रमाबाईंनी दिले. त्याच वेळी बाह्य चिन्हांना त्यांनी अंतिम महत्त्व दिले नाही. अन्य भाषा बोलणे हे अनेक दानांपैकी एक असून प्रेम, नम्रता व सेवा ही पवित्र जीवनाची खरी कसोटी आहे, असे त्यांचे मत होते.

बायबलचे भाषांतर

प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असल्याने अल्पशिक्षित स्त्रियांना ती समजत नाही, असे रमाबाईंना वाटे. संस्कृतच्या स्वतः गाढ्या पंडिता असूनही त्यांनी सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे नवे भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी मध्यम वयात त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची सर्व कामे मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी केली. आयुष्याची शेवटची सुमारे १८ वर्षे रमाबाईंनी या कामास दिली. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाला. एका स्त्रीने मूळ भाषांवरून एकटीने केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर म्हणून त्याची नोंद घेतली जाते.

अखेरची वर्षे

१९१९ साली ब्रिटिश सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. मनोरमा ही आईची प्रमुख सहकारी होती आणि पुढे मुक्ती मिशनची जबाबदारी तिने घ्यावी, अशी योजना होती. परंतु जुलै १९२१ मध्ये मिरज येथे तिचा मृत्यू झाला. आई-वडील, बहीण, भाऊ, पती व आता कन्या असे सर्व आप्त गमावलेल्या रमाबाईंनी या आघातानंतरही भाषांतराचे काम सुरू ठेवले व ते पूर्णत्वास नेले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

केडगाव येथील पंडिता रमाबाई मुक्ती मिशनचे कार्य आजही चालू आहे. भारत सरकारने १९८९ साली रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्च ५ एप्रिल रोजी, तर चर्च ऑफ इंग्लंड ३० एप्रिल रोजी त्यांचे स्मरण करते. शुक्र ग्रहावरील एका विवराला ‘मेधावी’ हे नाव देण्यात आले आहे.

धर्मांतरामुळे महाराष्ट्राच्या समाजसुधारणेच्या इतिहासात दीर्घकाळ त्यांचा उल्लेख त्रोटक राहिला, तर ख्रिस्ती चरित्रांत त्यांच्या श्रद्धेचे वर्णन करताना चर्चशी झालेला त्यांचा संघर्ष बहुधा वगळला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्त्री-अभ्यासकांनी या दोन्ही बाजू एकत्र मांडण्यास प्रारंभ केला. ज्या स्त्रीला शास्त्रांनी मोक्षाचा स्वतंत्र अधिकार नाकारला असे रमाबाईंना वाटे, तिला ईश्वरापुढे मध्यस्थाविना उभे राहता यावे, हे त्यांच्या ख्रिस्तभक्तीचे आणि समाजकार्याचेही समान सूत्र होते. त्यांच्या आयुष्यात समर्पण व स्वातंत्र्य या दोन गोष्टी परस्परविरोधी ठरल्या नाहीत, असे त्यांच्या चरित्राच्या अभ्यासातून दिसून येते.